गाळलेल्या पाण्यातला सरस

बेळगावच्या खासबागेत, विणकरांच्या वस्तीत, कुणाचा माग अडला की आधी शिव्या ऐकू यायच्या आणि त्यांच्यामागून हाक यायची, "आण्णाला बोलवा रं!" हे आण्णा म्हणजे भरमाण्णा मगदूम. मूळचे निपाणीकडचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. तंबाखूच्या रानात त्यांचं मन रमलं नाही. मिसरूड फुटायच्या वयात बेळगावला आले, एका सुताराच्या हाताखाली रंधा धरायला शिकले आणि विणकरांचे माग दुरुस्त करता करता इथलेच होऊन गेले. माग बिघडला की दुसरे कारागीर आधी पाना-हातोडी काढायचे. भरमाण्णा डोळे मिटून उभे राहायचे. "चालव बघू," म्हणायचे. त्या खटखटीत कुठंतरी एक ठोका चुकलेला असायचा. तो कानाला लागला की बोट बरोबर त्या जागेवर.

माणूस मोठा पापभीरू. कामावर जाताना एका पिशवीत हत्यारं आणि दुसरीत पितळेचा तांब्या आणि पाणी गाळायचं फडकं. कुणी चहा पुढं केला तर विचारणार, "पाणी गाळलंयसा न्हवं?" विणकरांच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण आण्णांसाठी धोतराचा एक स्वच्छ तुकडा खुंटीला वेगळा ठेवायच्या. दिवस कलला की, मावळतीच्या आत जेवायचा नेम म्हणून, अर्धा पिळलेला स्क्रू तसाच सोडून हे जेवायला घरी. फळीवर मुंग्यांची रांग लागलेली दिसली, तर ती आपल्या वाटेनं निघून जाईस्तोवर करवत खाली ठेवून बसून राहायचे आणि माग बंद पडलेला मालक आढ्याकडं बघत उसासे टाकायचा.

त्यांच्या पत्नी वासंतीआक्का या बाबतीत त्यांच्या वरताण. आणि एका बाबतीत तर भरमाण्णा त्यांच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. आक्कांना मेंडोलिन वाजवता यायचं.

आक्कांचे वडील निपाणीत शाळेत मास्तर. हौसेपायी कुठूनसं मेंडोलिन मिळवून शिकले आणि लेकीलाही शिकवलं. भरमाण्णा मुलगी बघायला गेले तेव्हा शिवण, स्वयंपाक, स्तोत्रं सगळं विचारून झाल्यावर मास्तरांनी ते वाद्य लेकीच्या मांडीवर ठेवलं. जोडीजोडीनं लावलेल्या आठ तारा, त्यावर तिचं बोट थरथरत फिरलं, आणि भरमाण्णांच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. घरी परत येताना त्यांच्या काकांनी विचारलं, "पोरगी दिसायला कशी वाटली रं?" हे म्हणाले, "आवाज लई चांगला हाय." काका म्हणाले, "ती बोलली तरी कुठं?"

लग्न झालं, मेंडोलिन माहेरीच राहिलं. आक्कांच्या धाकट्या भावानं ते एका जत्रेत मिरवायला नेलं आणि मान मोडूनच परत आणलं. मग पोरंबाळं, सासूचं आजारपण, पापड-कुरडया, बस्तीतला अभिषेक. आमच्याकडं जिनमंदिराला बस्ती म्हणतात. तिथल्या महिला मंडळात आक्का स्तवनं गायच्या, टाळ धरायच्या. वाजवणं कुठल्या कुठं मागं पडलं. त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. पण भाकरी थापताना डाव्या हाताची बोटं परातीच्या काठावर आपोआप नाचायची, हे भरमाण्णांनी बघितलेलं होतं.

पुढं खासबागेतले माग एकेक करून बंद पडत गेले, मुलगा बेंगळूरला नोकरीला लागला आणि भरमाण्णा घरी बसले. घरी बसलेल्या कारागिराला घरातलं काहीच धड दिसत नाही. एक दिवस आक्का वैतागून म्हणाल्या, "बिजागऱ्यांना आणखी किती तेल घालतासा? वारा आला न्हाय तरी दार उघडायला लागलंय!"

त्याच आठवड्यात शेजारच्याच शहापुरात एका घरचा जुना हातमाग मोडीत निघाला. त्याची शिसवी तुळई भरमाण्णांनी बोटानं ठोकून बघितली. ती अशी घुमली की ते तिथंच थांबले. ती तुळई खांद्यावर घेऊन ते घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "वासंती, तुला मेंडोलिन करतोय."

आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माग दुरुस्त करणं आन वाद्य करणं एकच व्हय?"

"दोन्हीकडं लाकूडच की."

"मग पोळपाटबी वाजवता येतंय." थोडा वेळ तांदूळ निवडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "करतासा तर नीट करा. पर्वाच्या शेवटच्या दिवशी बस्तीत स्तवनाला वाजवीन. भिंतीला टांगायला करणार असलासा, तर त्यापरीस एक पाट करा, बसायला तरी हुईल."

पर्व म्हणजे भाद्रपदातलं दशलक्षण पर्व. उपास, एकासन म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, पूजा, आणि शेवटच्या दिवशी अनंत चतुर्दशीला बस्ती माणसांनी भरून जाते. त्या दिवशी, त्या सगळ्यांसमोर, वासंतीच्या हातात आपण केलेलं मेंडोलिन. हे एवढं एक चित्र भरमाण्णांनी मनात धरलं आणि चैत्रात कामाला हात घातला.

गुरू मिळाले ते नागोजी. शहापुरात बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. उमेदीची वर्षं मिरजेला सतारीच्या कारखान्यात काढलेली, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. भरमाण्णांची कल्पना ऐकून ते म्हणाले, "आण्णा, ह्या वयात माणसं काशीला जात्यात, तुमी मेंडोलिनकडं निघालाय. या आत."

मेंडोलिनच्या बाजूच्या पट्ट्या वहीच्या पुठ्ठ्याएवढ्या पातळ करायच्या आणि तापलेल्या पाइपावर दाबून बाक द्यायचा. पहिल्या काही पट्ट्या काडकन मोडल्या. नागोजी म्हणायचे, "बायकोची समजूत काढतोय असं समजून वाकवा. जोर लावला की संपलं." पोटाला, म्हणजे तारांखालच्या फळीला, शिसव जड, म्हणून मिरजेहून हलकं तूणीचं लाकूड मागवलं. ते घासायचं, ठोकून ऐकायचं, पुन्हा घासायचं. इथं मात्र भरमाण्णांच्या कानानं त्यांना साथ दिली. कुठं जाड राहिलंय ते त्यांना ठोक्यावरून कळायचं. नागोजी खोडी काढायला म्हणून म्हणाले, "माग समजून ऐकतासा काय?" पण नंतर ते स्वतःच कान लावून बघायला लागले.

जोडायची वेळ आली तेव्हा नागोजींनी एका पुडीत तांबूस, काचेसारखे खडे दिले. "ह्यो सरस. पाण्यात भिजत घालायचा, मग उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून पातळ करायचा. बाजारातला पांढरा गम वाद्याला लावू नका, आवाज बसतोय."

भरमाण्णांनी हा सरस किती निगुतीनं शिजवला म्हणून सांगू! वेगळं पितळी पातेलं काढलं. नळाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. फडक्यावर राहिलेले बारीक जीव, नेमाप्रमाणं, न गाळलेल्या पाण्यात परत सोडले. दिवस मावळायच्या आत शेगडी विझवली. घरात असा काही वास सुटला की आक्का नाक धरून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"हे काय शिजवायलाईसा?"

"सरस. झाडाचा डिंक असतोय तसला."

"कुठल्या झाडाचा? पुन्हा त्या झाडाखालनं जायला नको."

श्रावण लागला तेव्हा मेंडोलिन उभं राहिलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्यानं गोल गोल फिरवून भरमाण्णांनी त्याला असली चकाकी आणली, की आक्का त्यात बघून कुंकू नीट करायला लागल्या. तारा चढवल्या. पण आक्कांच्या हातात द्यायच्या आधी एकदा गुरूच्या कानावरून जाऊ दे, म्हणून भरमाण्णा ते चादरीत गुंडाळून शहापूरला घेऊन गेले.

नागोजींनी तारा जुळवल्या, छेडल्या, पोटाला कान लावून पुन्हा छेडल्या. फटकळ माणसाला एकही खोड सापडेना म्हणजे काय समजायचं ते समजून भरमाण्णा खुशीत आले.

"आण्णा," नागोजी अखेर म्हणाले, "माग दुरुस्त करणाऱ्यानं केलंय म्हणून सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायचं न्हाय. आन सरसबी नामी मिळाला हुता बघा. म्हशीच्या कातड्याचा, आटवून आटवून केलेला. आता असला मिळत न्हाय."

"कशाचा?"

"कातड्याचा. हाडाचाबी असतोय, पण त्यो हलका." एवढं बोलून नागोजींनी मान वर केली आणि भरमाण्णांचं तोंड बघून त्यांचा हात तारांवरच थांबला. "आण्णा? तुमाला म्हाईत न्हवतं?"

"मला वाटलं, झाडाचा."

"आता गं बया! मला वाटलं, वाद्यापुरतं तुमच्यात चालत असंल."

भरमाण्णा स्टुलावर बसून राहिले. ज्या हातांनी आयुष्यभर मुंगीला वाट दिली, त्याच हातांनी म्हशीचं कातडं शिजवलं होतं. घरात. आक्कांच्या शेगडीवर.

नागोजींनी इकडंतिकडं बघून आवाज बारीक केला. "वैनींना सांगू नका. आतलं कुणाला दिसतंय? आन एवढं खास जमलंय हो!"

वाटेनं भरमाण्णा हाच विचार घोळवत आले. खरंच, आतलं कुणाला दिसतंय? पर्व तोंडावर आलंय. वासंती किती वर्षांनी वाजवणार आहे. आपण गप्प राहिलो तर कुणाचं काय अडणार आहे? खासबागेच्या कोपऱ्यावर येईस्तोवर त्यांचं गप्प राहायचं जवळजवळ ठरलं होतं. पण घरात पाऊल टाकलं तर आक्का न्हाऊन, धुतलेली साडी नेसून, पाटावर बसलेल्या. समोर स्वच्छ पंचा अंथरलेला. मुलगी बघायला गेले होते त्या दिवशी होती तसली चमक डोळ्यांत.

"आणा इकडं," म्हणून त्यांनी हात पुढं केले.

"हात लावू नगं!"

इतक्या वर्षांच्या संसारात भरमाण्णा कधी ओरडले नव्हते. आक्का दचकल्या, मग म्हणाल्या, "का? शॉक बसतोय व्हय?"

मग भरमाण्णांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आक्का ऐकत राहिल्या. त्यांचे हात पंच्यावर तसेच पडून होते.

"सरस शिजवताना," आक्कांनी हळूच विचारलं, "पाणी गाळून घेतलंसा न्हवं?"

"व्हय की. दुहेरी फडक्यातनं."

आक्कांनी ओठ दाबून धरले, पण उपयोग झाला नाही. त्या जे हसत सुटल्या ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "आवं, म्हशीला शिजवायला पाणी गाळून घेतलं! त्या म्हशीला केवढं बरं वाटलं असंल!" भरमाण्णांना हसावं की रडावं कळेना. हसून झाल्यावर आक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि चकाकणाऱ्या लाकडाकडं बोट केलं. "आन वरची ही झळाळी कशाची?"

"लाखेची."

"लाख कोण करतंय?"

"...किडे."

"म्हणजे कुंकू मी किड्यांत बघून लावत हुते. तुम्ही विचारून काय आणलासा, ते तरी सांगा."

"तारा," भरमाण्णा म्हणाले. "तारा लोखंडाच्या हायत."

आक्कांनी जिनेंद्रांच्या तसबिरीसमोर हात जोडले, थोडा वेळ डोळे मिटून बसल्या, आणि निकाल दिला. "लाकडाचा काय दोष? टाकायचं न्हाय. सगळं सोडवा, स्वच्छ करा, पुन्हा जोडा. मी चतुर्दशीला वाजवणार म्हटलंय म्हणजे वाजवणार. पण असलं घेऊन न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच नागोजी हजर. अपराध्यासारखं तोंड करून, हातात पातळ सुरी. सरसाची एक गोष्ट बरी की गरम पाणी आणि वाफ लागली की तो सुटतो. दोघं मित्र अंगणात बसून, मोठ्या कष्टानं जमवलेलं वाद्य सांधा सांधा करत उलगडायला लागले. पोट सुटलं, पाठ सुटली, मान सुटली. भरमाण्णा प्रत्येक तुकडा खरवडून धुऊन उन्हात ठेवत होते आणि आक्का तो नाकाला लावून तपासत होत्या. "ह्याला अजून वास येतोय. पुन्हा."

नागोजींना काही राहवेना. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून ते म्हणाले, "वैनी, तुमचं नेमाचं बाकी मानलं पायजे. आन मी तुमच्या बस्तीतल्या पेटीच्या भात्याला गेल्या साली नवं कातडं लावताना असला इचारच केला न्हाय."

आक्कांच्या हातातला तुकडा खाली आला. "पेटीला काय लावलंय म्हणलासा?"

भरमाण्णांनी कपाळाला हात लावला. नागोजींनी जीभ चावली, पण आता ती चावून काय होणार!

त्या दिवशी दुपारी मंडळाच्या बैठकीत आक्कांनी दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या, मेंडोलिनचीही आणि पेटीचीही. ढोलकी मंडळानं मागंच फायबरच्या तोंडाची घेतली होती, पण पेटीच्या पोटात काय आहे हे कुणी उघडून बघितलं नव्हतं. पेटी वाजवायच्या त्या राजश्रीआक्का. त्यांचा पारा चढला.

"तुझ्या नवऱ्याच्या खटाटोपापायी माझी पेटी बस्तीबाहेर?"

"त्यांच्यापायी न्हाय गं. कातड्यापायी."

"आन मग चतुर्दशीला सूर कोण देणार? अंगणात वाळत घातलेलं तुझं ते मेंडोलिन?"

बायका हसल्या. आक्काही हसल्या. पण घरी आल्यावर त्या भरमाण्णांना म्हणाल्या, "ऐका. आता पेटी न्हाय. सगळ्या मंडळाचा सूर तुमच्या हातात हाय."

आधी एका बाईच्या हौसेचा प्रश्न होता, आता सगळ्या बस्तीच्या स्तवनाचा झाला. भरमाण्णांची जेवणावरची वासना उडाली.

जोडायचं कशानं? भरमाण्णांना आठवली चिंचोक्याची खळ. धनगर घोंगड्याला हीच खळ लावतात, आणि घोंगडं कसं ताठ उभं राहतं! चिंचोके भाजून, सोलून, भरडून, शिजवून त्यांनी घट्ट खळ केली. या वेळी घरात वासही चांगला सुटला. सगळे सांधे जोडून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या. वाळल्यावर बघितलं तर एकदम पक्कं. तारा चढवल्या आणि ताणल्या. आक्का आत भाकरी थापत होत्या. बाहेर टक् असा आवाज आला, मग टकटक, आणि मग भरमाण्णांचा, "अगं आई गं!" मान एकीकडं, पोट एकीकडं आणि तारा फणा काढल्यासारख्या उभ्या.

आक्का पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "घोंगड्याला कुणी तारा बांधून वढत न्हाय," एवढंच म्हणून आत गेल्या.

राहिला बाजारातला पांढरा गम. हार्डवेअरच्या दुकानदाराला विचारलं, "ह्यात प्राण्याचं काय असतंय काय?" तो म्हणाला, "काका, दुधासारखा पांढरा हाय, शुद्धच असणार." पण एकदा पोळलेली माणसं ती. आक्कांनी डब्यावरचा बारीक नंबर चष्म्याखाली धरला आणि सरळ फोन लावला. पलीकडं बेंगळूरची एक मुलगी. आक्कांनी अस्खलित कन्नडमध्ये विचारलं, "तुमच्या गमात हाड, कातडं, मासा, अंडं, दूध, यांतलं काय काय असतं?"

मग मुलीनं घाबरत विचारलं, "मॅडम, तुम्हाला तो खायचाय का?"

"खायचा नाही. देवापुढं वाजवायचाय."

"गम?"

भरमाण्णा शेजारी बसून तोंडात उपरणं कोंबून हसत होते. त्या बिचारीनं तीनतीनदा फोन होल्डवर ठेवला, कुणाकुणाला विचारलं आणि शेवटी सांगितलं की हे सगळं कारखान्यात रसायनांपासून करतात, प्राण्याचं काही नसतं. आक्कांनी तिला आशीर्वाद दिला, तिचं गाव विचारलं आणि लग्न झालंय का तेही विचारून घेतलं.

गम लावताना भरमाण्णांच्या कानात नागोजींचे शब्द होतेच, की आवाज बसतोय. म्हणून त्यांनी गम इतका कमी लावला की सांध्यातून थेंब बाहेर येऊ नये. पुन्हा ट्यूबच्या पट्ट्या. पर्व सुरू झालं होतं. आक्का एकासन करत होत्या, बस्तीतून आल्या की बांधून ठेवलेल्या त्या गाठोड्याकडं बघायच्या आणि वाती वळायला बसायच्या.

पट्ट्या सोडल्या. तारा हळूहळू ताणल्या, दर वेळी थोड्याच. सांधे हलले नाहीत. नागोजी येऊन बोटानं ठोकून गेले, म्हणाले, "आवाज जरा मऊ आलाय. पण आलाय."

वरच्या झिलईला भरमाण्णांनी जवसाचं तेल निवडलं. तळहातानं चोळायचं, जिरवायचं, पुन्हा चोळायचं. पण भाद्रपदातली बेळगावची हवा! भिंतीला हात लावला तरी ओला होतो, तिथं तेल कुठलं वाळतंय? पंख्याखाली ठेवलं, चुलीजवळ ठेवलं. चतुर्दशीच्या सकाळीही बोट लावलं की चिकट लागत होतं.

"अजून ओलं हाय," भरमाण्णा रडवेल्या तोंडानं म्हणाले. "आजचा दिवस जाऊ दे का?"

"तुम्ही जोडलंय ते टिकतंय का, एवढं सांगा."

भरमाण्णांनी मेंडोलिन कानाजवळ धरलं, मान दोन्ही हातांनी किंचित वाकवून बघितली. "टिकतंय."

"मग चला."

बस्तीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. अभिषेक झाला, पूजा झाली. स्तवनाची वेळ आली तशा मंडळाच्या बायका पांढऱ्या साड्यांमध्ये पुढं येऊन बसल्या. वासंतीआक्कांच्या मांडीवर मेंडोलिन. भरमाण्णा खांबाला टेकून पुरुषांत बसले होते, पण त्यांची नजर आक्कांकडं नव्हतीच. ती मान जिथं पोटाला मिळते त्या सांध्यावर होती. नागोजी अंघोळ करून, डोक्याला टोपी घालून मागं उभे होते, तेही तिथंच बघत होते.

आक्कांनी पहिली तार छेडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. दमट हवेनं तारा उतरल्या होत्या. एवढ्या माणसांसमोर त्या शांतपणे खुंट्या पिळायला लागल्या. बस्तीत कुजबूज सुरू झाली. भरमाण्णांना वाटलं, खांबाच्या आत शिरावं. ताण वाढत होता. सांध्यातून कुठंतरी बारीकसं कुरकुरलं, का त्यांच्या मनातच कुरकुरलं, कोण जाणे. त्यांनी णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली.

तेवढ्यात राजश्रीआक्का खाकरल्या. सगळ्यांना वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. त्या वासंतीआक्कांच्या कानाशी झुकल्या आणि म्हणाल्या, "घाई करू नगंस. लागू दे नीट. मग मला सूर दे."

तारा लागल्या. आक्कांनी सूर दिला, राजश्रीआक्कांनी तो उचलला आणि मंडळ गायला लागलं. पहिल्या कडव्यात आक्कांचं बोट दोनदा घसरलं. एक सूर तर असा निसटला की पुढच्या रांगेतली म्हातारी वळून बघायला लागली. दुसऱ्या कडव्यात हाताला ओळख पटली. आणि मग ते सुरू झालं, तारांच्या जोडीवर बोट थरथरतं आणि एकच सूर पावसाच्या बारीक सरीसारखा लांबत जातो, ते. पेटीच्या जोरदार आवाजाखाली दबणारे बायकांचे आवाज पहिल्यांदाच वेगवेगळे ऐकू यायला लागले. कुठली म्हातारी कुठं श्वास घेते तेसुद्धा. भरमाण्णांची नजर सांध्यावरून कधी निघाली, त्यांनाही कळलं नाही. शेजारच्या गृहस्थानं गुडघ्यावर थाप मारून म्हटलं, "मगदूम, तुमचं मंडळ आज लई सुरात हाय की!" त्यांना नुसतं "व्हय" म्हणता आलं.

स्तवन संपलं. बायकांनी गराडा घातला. कुणी तारा चाचपल्या, कुणी लाकडाला हात लावून बोटांचा वास घेतला. राजश्रीआक्का म्हणाल्या, "आवाज बारका हाय. पण आम्हाला गायला जागा देतंय." आणि नागोजींकडं वळून, "तुम्ही पेटीला आता रेक्झिन लावायचं, कळलं न्हवं?" नागोजी टोपी सावरत म्हणाले, "लावतो आक्का, फुकट लावतो."

गर्दी ओसरल्यावर भरमाण्णा पुढं गेले. आक्कांनी मेंडोलिन त्यांच्या हातात दिलं आणि उठल्या. उठल्यावर दोघांचंही एकाच वेळी लक्ष गेलं. आक्कांच्या पांढऱ्याशुभ्र साडीवर, मांडीवर, मेंडोलिनच्या पाठीच्या आकाराचा तेलाचा पिवळा डाग उमटला होता. पुरा आकार. वरच्या बाजूला मानेची सुरुवातसुद्धा.

भरमाण्णांचं तोंड उतरलं. "मी म्हणलं हुतं, वाळलं न्हाय म्हणून. जवसाचा डाग जात न्हाय आता."

आक्कांनी पदर पुढं ओढून डाग झाकायचा प्रयत्न केला, मग तो नाद सोडून दिला आणि तशाच पायऱ्या उतरायला लागल्या.

"न जाईना," त्या म्हणाल्या. "पुढच्या पर्वाला मांडीवर कुठं धरायचं, ते तरी कळंल."